लॉज (पश्चिम महाराष्ट्रातला)

लॉज म्हणजे परगावी पैसे देऊन रात्र काढायची जागा. हे वेगळं सांगावं लागतं कारण मराठीत 'हॉटेल' म्हटलं की आधी मिसळ आणि चहा आठवतो, पलंग नाही. एसटी स्टँडवर उतरून "इथं चांगलं हॉटेल कुठंय?" विचारलं तर लोक जेवायची जागा दाखवतात, मुक्काम करायचा तर 'लॉज'च विचारावा लागतो. हा गोंधळ उगाच झालेला नाही, आपल्याकडे खायची सोय एकाकडे आणि झोपायची दुसऱ्याकडे असंच कितीतरी पिढ्या चाललं.

आधी होत्या धर्मशाळा, मठ, देवळाच्या ओवऱ्या, आणि अर्थात पाहुणे (गावात आत्या असताना लॉजवर उतरलात तर ती अजूनही वर्षभर बोलून दाखवते). धर्मशाळेत डोक्यावर छप्पर, जवळ पाणी, फार तर चुलीपुरती जागा, बाकी अंथरूण-शिधा ज्याचा त्याने आणायचा. नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांच्या घरीच उतरायचे, कुठल्या गावच्या कुठल्या आडनावाचा यजमान कुणाकडे हे ठरलेलं, आणि वही उघडली की आपल्या पणजोबांचं नाव निघायचं. म्हणजे गेस्ट रजिस्टर आपल्याकडे हॉटेलांच्या आधीपासून होतं म्हणा ना.

पण ही सोय सगळ्यांना नव्हती, ओवरीत कुणी पाठ टेकायची ते जात ठरवायची. पैसे मोजले तरी सुटका नव्हती. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा कुठे जागा मिळेना म्हणून पारशी सराईत (मुसाफिरखान्यात) पारशी नावाने राहिले आणि ते उघड झाल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. या विषयावर बोलताना लोक मुंबईतलं ताज हॉटेल (१९०३) आणि त्याआधीचं वॉटसन हॉटेल यांचंच कौतुक करत बसतात, मला विचाराल तर ही धर्मशाळा जास्त मोठी गोष्ट आहे.

इंग्रजांनी स्वतःपुरते डाक बंगले बांधले, १८६७ साली सराईंची नोंदणी करायचा कायदा आणला, महाबळेश्वर-माथेरानला साहेबासाठी हॉटेलं निघाली, १९०७ ला माथेरानची छोटी गाडी सुरू झाल्यावर वर जाणं सोपं झालं. सामान्य माणसाचा मुक्काम बदलला तो मोठ्या रेल्वेमुळे आणि कोर्ट-कचेरीच्या कामांमुळे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह होतं, टिळक मुंबईत आले की तिथे उतरायचे आणि १ ऑगस्ट १९२० ला गेले तेही तिथेच. पुण्यात लक्ष्मी रोडवर मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ मध्ये पूना गेस्ट हाऊस काढलं. खानावळ आणि खोली एका छताखाली आली आणि पाटीवर 'बोर्डिंग अँड लॉजिंग' लिहायची पद्धत पडली, पुढे जेवण बंद झालं तरी कित्येक ठिकाणी पाटी तीच राहिली.

तालुक्याचा लॉज मात्र वेगळाच प्रकार. खाली दुकानं, बाजूने अरुंद जिना, वर काउंटर आणि त्यावर दोरीने बांधलेलं पेन. लांबड्या रजिस्टरात रकाने असे: नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण. कारणापुढे नव्वद टक्के लोक 'खाजगी काम' लिहितात, मीही तेच लिहितो. गरम पाणी सकाळी ठराविक वेळेतच, बादलीने. गिऱ्हाईक कोण, तर औषध कंपनीचे एमआर, बियाण्यांचे सेल्समन, तारखेला आलेले पक्षकार, लग्नाचं वऱ्हाड. दारूबंदी कायद्यातून परमिट रूम निघाली आणि खाली परमिट रूम, वर लॉज अशी जोडी जमली, तेव्हापासून बायकापोरांना घेऊन उतरणारे 'फॅमिली' असं मोठ्या अक्षरात लिहिलेला लॉज शोधायला लागले.

१९७५ मध्ये एमटीडीसी (राज्य सरकारचं पर्यटन महामंडळ) आली, कोकणात 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' वाढली, शिर्डीला भक्तनिवास झाले. आता बुकिंग मोबाईलवर होतं, तरी काउंटरवर आधार नाहीतर दुसरं ओळखपत्र दाखवावंच लागतं आणि ते जुनं रजिस्टरही भरावंच लागतं. जुन्या लॉजात 'चेक आउट २४ तास' ही पाटी अजून दिसते, म्हणजे रात्री ११ ला खोली घेतली तर दुसऱ्या रात्री ११ पर्यंत आपलीच, नव्या हॉटेलवाले मात्र सकाळी १० वाजताच दार वाजवतात.