शुद्ध अँटिबॉडीही चुकीची निघते

अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन; ते प्रथिन पेशींत आहे का, हे शोधायला संशोधक ती वापरतात. संशोधनासाठी विकत घेतलेल्या अशा अँटिबॉडीच्या माहितीपत्रकावर शुद्धतेचा आकडा असतो, बहुतेकदा '९५ टक्क्यांहून अधिक' असा. तो पडताळणं फारसं कठीण नाही. अँटिबॉडीच्या साखळ्या सुट्या करून जेलवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, चालवल्या की दोन ठळक पट्टे दिसतात: जड साखळीचा ५० किलोडाल्टनजवळ (हे रेणूंच्या वजनाचं एकक) आणि हलक्या साखळीचा २५ जवळ. साखळ्या न तोडता चालवली, तर १५० च्या आसपास एकच पट्टा. ६६ च्या जवळ आणखी एक दिसला, तर तो बहुधा अँटिबॉडी टिकावी म्हणून घातलेल्या गाईच्या अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा असतो. एरवी त्याने बिघडत नाही, पण अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडायचा असेल तर हे अल्ब्युमिनही तो रंग ओढून घेतं.

एवढं सगळं चोख निघालं, तरी खरा प्रश्न शिल्लकच राहतो: ही अँटिबॉडी नेमकी कोणत्या प्रथिनाला चिकटते?

इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पेशीत प्रतिसाद देणाऱ्या 'इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा' या प्रथिनाचं उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. हे प्रथिन १९९६ मध्ये सापडलं आणि स्तनाच्या कर्करोगात त्याची भूमिका काय, यावर पुढे वर्षानुवर्षं संशोधन झालं. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठीच्या १३ अँटिबॉडी कसून तपासल्या. भरवशाची निघाली फक्त एक. तिने पाहिलं, तेव्हा अंडाशयात आणि वृषणात हे प्रथिन दिसलं. स्तनाच्या पेशींत, मग त्या निरोगी असोत वा कर्करोगाच्या, ते दिसलंच नाही. ज्यांनी इतर अँटिबॉडींवर विसंबून निष्कर्ष काढले, त्यांच्या कष्टांचं काय?

अशी चूक पकडायची सर्वांत खात्रीची चाचणी समजायला सोपी आहे. ज्या पेशींत ते प्रथिन भरपूर बनतं, अशा पेशी घ्यायच्या. त्यातल्या काहींमध्ये क्रिस्परने, म्हणजे जनुकांत नेमका बदल करणाऱ्या तंत्राने, त्या प्रथिनाचं जनुक निकामी करायचं. मग दोन्हींचा अर्क एकाच जेलवर शेजारी-शेजारी चालवून वेस्टर्न ब्लॉट करायचा, म्हणजे वेगळी झालेली प्रथिनं पातळ पटलावर उतरवून त्यावर अँटिबॉडी सोडायची; ती जिथे चिकटते, तिथे पट्टा दिसतो. मूळ पेशींच्या रांगेत पट्टा आला आणि जनुक काढलेल्या पेशींच्या रांगेत ती जागा कोरी राहिली, तर अँटिबॉडी खरी. दोन्हीकडे सारखाच पट्टा आला, तर ती भलत्यालाच धरते आहे. ब्लॉटमध्ये पास झालेली अँटिबॉडी ऊतीच्या कापावर मात्र नापास होऊ शकते, कारण तिथे प्रथिनाची घडी वेगळी असते. म्हणून ज्या कामासाठी ती वापरायची, त्याच कामात तिची परीक्षा घ्यायला हवी.

अँटिबॉडी तपासणाऱ्या 'वायकॅरोस' (YCharOS) या प्रकल्पाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. २०२३ मध्ये त्यांनी ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडींचे निकाल मांडले. आपल्या प्रथिनाला न ओळखणारी अँटिबॉडी वापरलेले शोधनिबंध एकेका प्रथिनामागे सरासरी १२ निघाले. रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरावीक जनुक वापरून प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडी इतरांपेक्षा सरस ठरल्या. त्यांचा जनुकीय क्रम माहीत असल्यामुळे तीच अँटिबॉडी पुन्हा तशीच बनवता येते. सशाच्या रक्तातून काढलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) मात्र तो ससा गेला की संपते, आणि त्याच नावाची पुढची बॅच वेगळी वागू शकते. या निकालांनंतर, अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के अँटिबॉडी कंपन्यांनी विक्रीतून काढून घेतल्या आणि ४० टक्क्यांच्या बाबतीत त्या कशासाठी वापराव्यात, याच्या सूचना बदलल्या.