वैद्यक-संशोधक प्रशिक्षण (मेंदूविज्ञान), नागपूर

रुग्ण तपासणे आणि त्याच्या आजाराचे कारण प्रयोगशाळेत शोधणे, ही दोन्ही कामे एकाच डॉक्टरच्या अंगी यावीत यासाठीचे शिक्षण. अमेरिकेत त्यासाठी एमडी-पीएचडी असा जोड अभ्यासक्रम आहे. तेथील सरकार १९६४ पासून त्याला पैसा पुरवते. नागपुरात ही वाट बहुधा तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते. साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षे मेडिसिन किंवा बालरोगशास्त्रातील एमडी, पुढे तीन वर्षे न्यूरॉलॉजीचे (मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांचे) डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी. पीएचडी त्याउपर. संशोधनाची पहिली चव अनेकांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दोन महिन्यांच्या विद्यार्थी शिष्यवृत्तीत मिळते. वॉर्डाच्या धबडग्यात तेवढाही वेळ काढणे सोपे नसते.

शहरात मेडिकल (१९४७) आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि मिहान भागातील एम्स (२०१८) आहेत. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय (१९६९) जवळच्या वर्धा जिल्ह्यात. तेथे विद्यार्थी सुरुवातीलाच गावात शिबिराला जातात.

मेंदूविज्ञानाला लागणारे प्रश्न मात्र या परिसरात मुबलक आहेत. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपुरातल्याच चांदीपुऱ्यातील तापाच्या रुग्णांत सापडला, म्हणून त्याचे नाव तसे. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू मुलांच्या मेंदूज्वराशी जोडला गेला तो मुख्यतः २००३ च्या साथीत. मधली अडतीस वर्षे तो बव्हंशी प्रयोगशाळेतच राहिला. रुग्ण आणि संशोधक यांच्यात दुवा नसला की काय होते याचे याहून जवळचे उदाहरण नाही. पूर्व विदर्भात धानानंतर घेतल्या जाणाऱ्या लाखोळी या डाळीचा प्रश्नही मेंदूविज्ञानाचाच. ती हेच मुख्य अन्न झाले की तिच्यातील विषारी अमिनो आम्लामुळे पाय ताठरतात, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. मण्यार चावल्यावर पापण्या मिटतात, श्वास थांबतो. दंशाची खूण मात्र दिसेलच असे नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना लहान वयात लकवा होऊ शकतो.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला (२०१५). पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. सातांपैकी साधारण एक मृत्यू त्याने झाला होता, आणि बहुतेक जण घरीच मरण पावले होते. शहरातल्या रुग्णालयाच्या नोंदवहीत हे आकडे कधीच आले नसते. सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडल्यावरचे बंधपत्राचे (सक्तीच्या सरकारी सेवेचे) वर्ष अनेकांना शिक्षा वाटते. संशोधकाला मात्र अशी मोजदाद करायला त्याहून चांगला काळ क्वचितच मिळतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढावे लागतात, तेही याच कामी येऊ शकतात.

अभ्यासक्रमात न लिहिलेला एक भाग भाषेचा. फिटचे निदान मुख्यतः ती पाहणाऱ्या नातेवाइकाच्या सांगण्यावर उभे असते, आणि गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या आईला ते माडिया या आदिवासी बोलीत सांगायचे असते. मान कोणत्या बाजूला वळली, आधी हात हलला की पाय, हे दुभाष्यामार्फत नेमके काढून घेणे तिथेच, तिच्यासमोर बसून शिकावे लागते.