पार्श्वभूमी : 'पहिली' नेमकी कशात पहिली?

इस्रायली हवाई दलातल्या स्त्री वैमानिकाची बातमी आली की तिच्यात 'पहिली' हा शब्द हमखास असतो. नेमकी कशात पहिली, हे क्वचितच सांगितलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात पॅलेस्टाइनमधल्या ज्यू मुली ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाल्या, पण विमान चालवायला नाही. त्यांतल्या दोघी १९४४ मध्ये शत्रूच्या मुलखात उतरल्या. दोघींनाही त्याच वर्षी ठार मारण्यात आलं.

१९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात तुटपुंज्या, हलक्या विमानांवर काही तरुणी वैमानिक होत्या. त्यांतली एकजण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेरुसलेमला विमान कोसळून गेली. १९५१ मध्ये हवाई दलाच्या रीतसर प्रशिक्षणातून एक मुलगी वैमानिक होऊन बाहेर पडली. २९ ऑक्टोबर १९५६ ला सिनाईतल्या मित्ला खिंडीजवळ छत्रीधारी सैनिक उतरवणाऱ्या सोळा डकोटा मालवाहू विमानांपैकी एकात ती सहवैमानिक होती. म्हणजे दार उघडं होतं. ते नंतर लावून घेतलं गेलं, आणि तेही गाजावाजा न करता.

खरा वाद १९९४-९५ चा. दक्षिण आफ्रिकेतून आलेली, खाजगी वैमानिक परवाना असलेली, विमान अभियांत्रिकी शिकणारी एक तरुणी प्रशिक्षणाच्या निवडचाचणीला बसू मागत होती. नकार मिळाल्यावर ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष स्वतः हवाई दलाचे माजी प्रमुख होते. त्यांनी तिला फोनवर पुरुषाला मोजे विणताना पाहिलंयस का, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. सरकारचा न्यायालयातला युक्तिवाद मात्र याहून हुशार होता. बायकांना जमणार नाही, असं सरकार म्हणालंच नाही. म्हणणं एवढंच, की वैमानिक घडवायला वर्षं आणि अफाट पैसा लागतो, पुरुषांना राखीव सेवेत दीर्घकाळ बोलावता येतं, तर बायकांना गरोदरपण आणि मातृत्वामुळे कायद्यानेच सूट आहे. मग आखणी करायची कशी?

या मुद्द्याला वजन होतं, हे मान्य करायला हवं. पण त्यातली मेख अशी, की सूट सरकारनेच दिलेली आणि तिचाच दाखला देऊन दार बंद. ८ नोव्हेंबर १९९५ ला, पंतप्रधानांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी, निकाल तिच्या बाजूने लागला. पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन. आखणीतल्या अडचणी आणि खर्च हे समानता नाकारायला पुरेसं कारण नाही, असं बहुमताने म्हटलं. अल्पमतातल्या दोघांना सैन्याचा हिशेब पटला होता. निकालाने तिला मिळाला तो चाचणीला बसण्याचा हक्क, वैमानिकपद नव्हे. ती निवडीत टिकली नाही, आणि विरोधकांनी हे अनेक वर्षं उगाळलं.

२००० साली कायदाच बदलला. पदाच्या स्वरूपामुळेच अशक्य नसेल, तर स्त्रीला सैन्यातलं कोणतंही पद पुरुषाइतकंच खुलं, अशी तरतूद झाली. त्याआधी १९९८ मध्ये एक मुलगी लढाऊ विमानाची दिशादर्शक झाली होती. ती 'पहिली' ठरली. २००१ मध्ये लढाऊ जेट चालवणारी वैमानिक बाहेर पडली. वॉर्सा घेट्टोतल्या ज्यूंनी नाझींविरुद्ध केलेल्या उठावातल्या दोन नेत्यांची ही नात, तीही 'पहिली'च. १९५१ ची 'पहिली' तेव्हा हयात होती.