खारं वारं, जांभ्याचा चढ आणि रोजची सायकल

स्वयंपाकघराच्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं आणि पडवीत उभ्या केलेल्या सायकलच्या चेनवर बघता बघता गंज चढतो. या दोन्हींमागे मिठाचा एकच गुणधर्म आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली वाफ ओढून घेतं आणि त्याच पाण्यात विरघळतं. समुद्राच्या पाण्यात तर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे लाटा फुटताना उडालेला खारा तुषार एकदा सायकलवर बसला की डोळ्यांना दिसत नसला तरी त्याचा पातळ ओलसर थर जवळपास बारा महिने लोखंडाला चिकटून राहतो.

रोज कामावर, शाळेत, बाजारात जाण्यासाठी सायकल जुळवायची असेल, तर कोकणात पहिला विचार या थराचा करावा. गिअर किती आणि वजन किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

गंज चढणं ही विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. दुसऱ्या ठिकाणी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. मंडल पूर्ण व्हायला या दोन ठिकाणांमध्ये वीजवाहक द्रव लागतो. पावसाचं पाणी हे काम कसंबसं करतं, खारं पाणी मात्र उत्तम करतं. शिवाय क्लोराइडचे आयन धातूवरचा संरक्षक थर जागोजागी भेदतात. म्हणूनच स्टेनलेस स्टीललाही किनाऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके पडतात.

यातून अनेकांना न पटणारी एक गोष्ट निघते. धो धो पावसात भिजलेल्या भागापेक्षा पावसापासून झाकलेला भाग खाऱ्या हवेत जास्त लवकर सडू शकतो. पाऊस मीठ धुऊन नेतो. मडगार्डच्या आतल्या बाजूवर, सीटखालच्या स्प्रिंगांवर, क्रँकच्या, म्हणजे पायडल जोडलेल्या दांड्यांच्या, खालच्या अंगाला मात्र मीठ साठत जातं. सायकल धुवायची ती पावसाळ्यातच, असं आपण समजतो. खरं तर ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा बादलीभर विहिरीचं किंवा नळाचं गोडं पाणी खालच्या बाजूंवर ओतणं अधिक गरजेचं आहे. विहीर किनाऱ्यालगत असून पाणी मचूळ लागत असेल, तर ते वापरू नये. धुतल्यावर सायकल उन्हात सुकवावी आणि मगच चेनला तेल द्यावं. ओल्या चेनवर तेल घातलं तर पाणी आतच अडकतं.

किनाऱ्यापासूनचं अंतरही मोजायला हवं. खाऱ्या तुषारातले मोठे थेंब पहिल्या काही शे मीटरांतच खाली बसतात, त्यामुळे आत जावं तसं मिठाचं प्रमाण झपाट्याने घटतं. मिऱ्याच्या समुद्रालगत राहणाऱ्याला जी काळजी घ्यावी लागते, ती आत, लांज्यात राहणाऱ्याला तितकी घ्यावी लागत नाही.

या दृष्टीने सायकलचे भाग निवडताना मी खर्चाचा क्रम असा लावेन: आधी स्टेनलेसचे स्पोक, मग स्टेनलेसचे नटबोल्ट, मग ॲल्युमिनियमची रिम. स्वस्त सायकलींचे स्पोक जस्ताचा मुलामा दिलेले असतात. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात त्या याच कारणाने. पण स्पोकवरचा मुलामा अगदी पातळ असतो, तो संपला की गंजाला मोकळं रान मिळतं. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट लोखंडी फ्रेममध्ये बसवली असेल तर तिथे आणखी एक घोळ होतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार झाली. यात ॲल्युमिनियम झिजतं, त्याचा ऑक्साइड फुगतो आणि सीटपोस्ट इतकी घट्ट बसते की पुढे काढताच येत नाही. बसवतानाच भरपूर ग्रीस लावलं आणि दर काही महिन्यांनी ती उपसून पुन्हा लावली, तर हा प्रश्न उभाच राहत नाही.

फ्रेमच्या नळ्या आतूनही सडतात. सीटच्या बाजूने शिरलेलं पाणी खाली क्रँकच्या नळीत जमतं. तिथे तळाला बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजू देऊ नये. आतून जवसाचं तेल फिरवायची जुनी पद्धत मला फार आवडते. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि नळीच्या आत पातळ पापुद्रा धरतं. खोबरेल तेलाला हा गुण नाही, म्हणून घरात हाताशी असलं तरी ते या कामाचं नाही.

आता चढाचं गणित. कोकणातल्या गावांची ठेवणच अशी की बंदर आणि बाजार खाली, कातळाचा सडा, म्हणजे पठार, वर. रत्नागिरीत मांडवीहून मारुती मंदिराकडे जायचं म्हणजे चढ आलाच. सायकलस्वार ६५ किलोचा, सायकल आणि डबा-पिशवी मिळून २० किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाला साधारण ६० वॅट लागतात. तोच माणूस शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ८ किलोमीटरने निघाला, तर सुमारे १३० वॅट लागतात. रोज सायकल चालवणाऱ्याला हे जमण्यासारखं आहे. पण ही ताकद पायडलपर्यंत पोचते कशी, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलला पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर पुढे जाते. त्या चढावर ताशी ८ किलोमीटरने जाताना मिनिटाला जेमतेम २४ फेरे होतात आणि पायाला सरासरी ३० किलो वजनाइतका जोर द्यावा लागतो. हा झाला सरासरीचा आकडा. पायडल उभ्या रेषेत असताना जोर लागू पडत नाही, त्यामुळे ते आडवं आल्यावर ४५ किलोच्या वर दाब जातो. म्हणूनच माणूस सीटवरून उठतो आणि गुडघ्यांची तक्रार सुरू होते. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं, तर एका फेऱ्यात सायकल साडेचार मीटर जाईल आणि तोच जोर २५ किलोवर येईल. वजनदार सायकल विकून हलकी घेतल्याने जे साधणार नाही, ते या एका चकतीने साधतं. सायकलचं वजन ५ किलोंनी घटलं तरी एकूण ८५ किलोंत फरक पडतो जेमतेम सहा टक्क्यांचा. फ्रीव्हील बदलल्यावर जोरात अठरा टक्क्यांचा. सपाटीवर वेग कमी पडेल ही भीतीही फोल आहे: मिनिटाला ८० फेरे मारले तरी ताशी २१ किलोमीटर मिळतात. फ्रीव्हील मोठं झालं की चेन साधारण इंचभर आखूड पडते. मागचं चाक खाचेत पुढे सरकवून भागलं नाही, तर कडी वाढवून घ्यावी.

चढ लांब आणि रोजचा असेल, तर गिअरची सायकल घ्यावीच. फक्त घेताना गिअर एकूण किती, हे विचारू नका. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची, ते विचारा. दोन्ही सारख्या असल्या, समजा २८ आणि २८, तर पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा होतो आणि वर सांगितलेला चढ बसल्या बसल्या चढता येतो. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात स्प्रिंग असलेल्या जाडजूड सायकली मात्र मी या कामाला घेऊ नका असंच सांगेन. ती स्प्रिंग दीड-दोन किलो वजन वाढवते, चढावर उभं राहून पायडल मारताना खालीवर होऊन ताकद खाते आणि तिचे सरकते दांडे खाऱ्या हवेत गंजतात. खड्ड्यांचे धक्के शोषायचं काम ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचं टायर जास्त चांगलं करतं. फक्त हवा दगडासारखी कडक भरू नये. वजनाचा मोठा हिस्सा मागच्या चाकावर असतो, त्यामुळे पुढच्यात थोडी कमी हवा ठेवली तर हातांना आराम मिळतो.

टायरच्या नक्षीबद्दल एक समज आहे की ओल्या रस्त्यावर खोल खाचा हव्यात. मोटारीच्या टायरखाली वेगात पाणी अडकून चाक तरंगतं, त्यासाठी त्या खाचा असतात. सायकलचं टायर अरुंद आणि गोलसर, त्यामुळे पाणी बाजूला सारलं जातं. ४० पौंड दाबाचं चाक पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग लागेल. डांबरावर गुळगुळीत टायरच उत्तम पकड देतं. घसरवतं ते शेवाळ: पाखाडीच्या, म्हणजे पायवाटेच्या, दगडांवरचं, ओढ्यावरच्या जुन्या साकवावरचं, झाडांखालच्या कायम ओल्या वळणावरचं. तिथे कोणतंही टायर चालत नाही. उतरून सायकल हातात धरावी, हेच खरं.

जो चढ सकाळी घाम काढतो, त्याचा संध्याकाळी उतार होतो. ८५ किलो वजन ५० मीटर खाली आणताना सुमारे ४२ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. काही हवा घेते, उरलेली ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णता होऊन जाते. कोरड्या दिवसात याची जाणीव होत नाही. पावसात चकचकीत क्रोमच्या लोखंडी रिमवर पाण्याची पातळ चादर बसते आणि रबर तिच्यावर नुसतं सरकतं; ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही. कोकणात अशी रिम रोजच्या सायकलला असूच नये, इतकं माझं मत ठाम आहे. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड बरीच बरी राहते, आणि डिस्क किंवा ड्रम ब्रेक असेल तर सर्वांत उत्तम, कारण त्यांचे घासणारे भाग टायरच्या चिखलापासून दूर असतात. ॲल्युमिनियमच्या रिमचा शत्रू म्हणजे आपली लाल माती. ती ज्यातून होते त्या जांभ्या दगडात लोहाचे ऑक्साइड भरपूर, आणि हे कण ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. ब्रेकच्या रबरात ते रुतले की प्रत्येक दाबाला रिम तासली जाते. आठवड्याला रबर पाहून त्यातले खडे टोकदार खिळ्याने काढले, तर रिम कितीतरी जास्त टिकते. पावसात उतार लागण्याआधीच ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यावं.

मडगार्डकडे लोक कपड्यांच्या काळजीने पाहतात. खरा फायदा चेनला होतो. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. टायरला चिकटलेलं पाणी सुटतं ते चाकाच्या स्पर्शरेषेत. पुढच्या चाकाच्या मागच्या अंगाने सुटलेले थेंब, लाल चिखलासकट, थेट क्रँक आणि चेनवर येतात. म्हणून पुढच्या मडगार्डला खाली जमिनीपासून चार बोटांपर्यंत पोचणारी रबरी झडप लावावी. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन स्क्रूंनी बसवला की काम झालं. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर फट हवी, नाहीतर जांभ्याचा चिखल तिथे दाटून चाक अडतं. चेनला पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर आता जुनाट समजून काढून टाकतात. कोकणासाठी त्याहून चांगला भाग नाही. असेल तर जपा.

पाठीवरची पिशवी ही किनाऱ्यावरच्या दमट हवेत निव्वळ शिक्षा आहे. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा भागच कामात बदलतात. पायडलवर १०० वॅट गेले तर शरीरात ३०० वॅट उष्णता तयार होते. ती घालवायला तासाला साधारण अर्धा लिटर घाम सुकायला हवा. दमट हवेत घाम सुकण्याऐवजी नुसता ओघळतो, आणि पाठ झाकली असेल तर उरलासुरला मार्गही बंद होतो. कॅरिअरच्या बाजूला लटकणारी पिशवी बसवा. वजन खाली गेल्याने तोलही सुधारतो.

वारा हाही इथला न दिसणारा चढ आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे येतात. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल, तर सपाटीवरचे ६० वॅट १४० च्या घरात जातात, म्हणजे मघाच्या चढापेक्षाही जास्त. आतल्या भागात नोकरी आणि किनाऱ्याला घर असेल, तर संध्याकाळी परतताना तो तोंडावर येणार. हँडल सीटच्या पातळीपर्यंत खाली घेता येईल असं ठेवलं आणि कोपर वाकवून थोडं वाकलं, तर वाऱ्याला मिळणारा अंगाचा विस्तार कमी होतो.

सीटच्या उंचीसाठी सोपी खूण आहे: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हवी तेवढी बाक आपोआप येते. बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि चढाला दोष देतात. दिव्यासाठी टायरला घासून फिरणारा डायनॅमो पावसात घसरतो, म्हणून चार्ज होणारा एलईडी बरा. मागे लाल दिव्याबरोबर रिफ्लेक्टरही हवाच. त्यातले तीन काटकोनी पृष्ठभागांचे बारीक कोपरे प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात, त्यामुळे वळणावर मागून येणाऱ्या गाडीला दिव्याची बॅटरी संपली तरी सायकल दिसते.

मृग नक्षत्राआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, चाकांचे, हँडलचे आणि क्रँकचे छर्रे सायकलवाल्याकडून उघडून घ्या, जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं भरून घ्या, ब्रेकच्या वायरी तेल देऊन मोकळ्या करा. पाऊस ओसरल्यावर चेन मोजा. पट्टी लावून बारा इंचांत चोवीस कड्या तंतोतंत बसायला हव्यात. शेवटची पिन पट्टीच्या खुणेपुढे इंचाचा सोळावा भाग सरकली असेल, तर चेन लगेच बदलावी. तशीच चालवली तर ती चेनव्हील आणि फ्रीव्हीलचे दातेही झिजवते आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या जागी सगळाच संच बदलावा लागतो.