काळी माती, धानाची बांधी आणि नागपूरचा ठिय्या

1999 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या डेव्हिड मॅकग्रॅनहन यांनी तिथल्या काउंट्यांच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यांच्या, निसर्गाला गुण दिले. विषय सहा: जानेवारीतली ऊब, जानेवारीतले ऊन, जुलैतला सौम्यपणा, जुलैतली कोरडी हवा, डोंगरउतार आणि पाणी. मग हे गुण त्यांनी ग्रामीण काउंट्यांच्या 1970 ते 1996 मधल्या लोकसंख्येशी ताडून पाहिले. कमी गुणांच्या काउंट्यांत लोकसंख्या सरासरी 1 टक्का वाढली होती, वरच्या गुणांच्या काउंट्यांत 120 टक्के. माणसे चक्क हवा आणि तळी बघून गाव बदलत होती.

हीच पट्टी नागपूरला लावून बघा. जानेवारीच्या दोन्ही विषयांत पैकीच्या पैकी. जुलैचा पेपर आपल्याला गैरलागू, कारण जुलैत इथे पावसाने जिवात जीव येतो. आपली परीक्षा मे महिन्यात, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा 45 ओलांडतो तेव्हा. डोंगर म्हणावा तर सीताबर्डीची टेकडी. पाणी म्हणावे तर अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, तेही माणसाने अडवलेले. एकूण काठावर पास. तरी 1901 मध्ये 1 लाख 27 हजारांचे हे शहर 2011 च्या जनगणनेत 24 लाखांवर गेलेले दिसते. त्यात इथेच जन्मलेले आले, वाढलेली हद्दही आली. पण हवापालटासाठी नागपुरात येऊन राहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मग इथल्या निसर्गाचा माणसांच्या ये-जा करण्याशी काही संबंध नाही? आहे, आणि चांगलाच घट्ट आहे. फक्त त्यासाठी नजर खाली वळवावी लागते.

सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून दख्खनचा काळा दगड तयार झाला आणि त्या थरांची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास संपते. काटोल, वर्धा, अमरावतीकडे जा, काळा दगड सोबत येतो. मौदा ओलांडून भंडाऱ्याकडे निघालात की खाली नाईस नावाच्या खडकासारखे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. दगड बदलला की माती बदलते. बेसाल्ट झिजून जी चिकण काळी माती होते तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आकसतात. एप्रिलमध्ये वर्ध्याकडच्या एखाद्या वावरात उभे राहून बघा, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. पाऊस सरल्यावरही ही माती ओल धरून ठेवते, म्हणून कापूस आणि तूर हिवाळ्यापर्यंत उभी राहतात.

पूर्वेकडे पाऊस जास्त, पण माती हलकी. भंडाऱ्याकडची पिवळसर, रेताड सिहार माती ओल फार दिवस धरत नाही. म्हणून तिथे बांधी घालून पाणी कोंडायचे, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकायचे, रोवणी करायची आणि धान घ्यायचा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने या भागात हजारो तलाव बांधले ते याच कारणाने. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात आले, मालगुजारी गेल्यावर 'माजी मालगुजारी' झाले, आणि त्याचे लघुरूप करून सरकारी कागदांनीही त्यांना 'मामा तलाव' करून टाकले. जिथे तलावात पाणी उरते तिथे दुसरे पीक निघते. जिथे गाळाने तलाव उथळ झाला, तिथे दिवाळीनंतर गाव मोकळे.

हे मोकळे गाव कुठे जाते? सकाळी आठच्या सुमारास नागपुरातल्या कुठल्याही ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट बघत थांबतात त्या चौकात, जाऊन उभे राहा. डबा, थापी, कुणाच्या खांद्यावर फावडे. गेल्या डिसेंबरात घराचे प्लास्टर करायला मी तिथूनच एक मिस्त्री आणला. साकोलीकडचा. गावी दीड एकर आहे म्हणाला. मग इथे का, असे विचारले तर हसला. ''धान निंगाला का काम सरला जी. मंग पोट कायले थांबते?''

त्याच्या या दोन वाक्यांत मातीचे सगळे शास्त्र आले. धान कापून होतो त्याच सुमारास पश्चिमेकडे कापूस फुटलेला असतो, वेचणीला हात हवे असतात. पुढे तेलंगणातली मिरची तोडणी असते. 2020 च्या टाळेबंदीत तिथून पायी परतलेल्यांत आपल्या पूर्व विदर्भातले मजूर होते. दोन मातींची दोन वेळापत्रके, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत माणसे इकडून तिकडे.

जमिनीखालचे आणखी एक देणे म्हणजे कोळसा. ज्या प्राचीन महाखंडाला भूगर्भशास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात, त्याचे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडले, आणि त्या काळच्या दलदलीतल्या झाडांचा कोळसा उमरेड, सावनेर, चंद्रपूरला सापडतो. 1867 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस शेजारी, कोळसा जवळ; मजूर आपोआप आले.

मात्र मातीच सगळे ठरवते असे म्हणालो तर वर्धा जिल्हा मला खोटा पाडेल. इतकी काळी माती असून 2001 ते 2011 मध्ये त्याची लोकसंख्या जेमतेम 5 टक्क्यांनी वाढली, धानाच्या भंडाऱ्याइतकीच. त्याच दशकात नागपूर जिल्हा 14 टक्क्यांनी वाढला. ओल धरणारी माती पावसाच्या भरवशावरच्या कापसाला भाव देऊ शकत नाही, आणि नागपूर तर तासा-दीड तासावर. शहर हाही एक परिसरच आहे, आणि त्याची ओढ मातीपेक्षा जबर.

शिवाय हे आकडे जरा जपून वाचावेत. 2011 ची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत, म्हणजे नेमकी धानाची गावे अर्धी बाहेर असतात तेव्हा. त्या दिवसांत जो गावी फिरकलाच नाही, तो जिथे सापडला तिथला म्हणून मोजला गेला. माझा मिस्त्री साकोलीचा की नागपूरचा, हे तारखेवर अवलंबून.

जूनमध्ये मृग लागला तेव्हा गच्चीचे काम अर्धे राहिले होते. मी फोन केला तर मागे बेडकांचा आवाज. ''आता रोवणी झाल्यावरच येतो जी,'' म्हणाला. ठिय्यावर जाऊन आलो. चारच माणसे होती.