एमआरआयची लाइन आणि इमेजमधलं घड्याळ

मागे मावशीला एमआरआयला घेऊन गेलो होतो, वेळ साडेदहाची आणि नंबर लागला दीडला. शेजारी बसलेले काका म्हणाले, "अजून एक मशीन घेतलं की प्रश्न मिटला." बहुतेकांना असंच वाटतं, पण कितीतरी वेळा घोडं मशीनपाशी नाही तर एक पेशंट टेबलावरून उतरून दुसरा चढेपर्यंतच्या वेळेत अडलेलं असतं.

आणि हे शोधायला कुणी स्टॉपवॉच घेऊन दारात उभं राहायला नको! सीटी, एमआरआय, डिजिटल एक्सरे, सगळ्यांच्या इमेज डायकॉम या स्टँडर्डमधे सेव्ह होतात (नाव १९९३ चं, मूळ स्टँडर्ड १९८५ चं). प्रत्येक फाइलला एक हेडर असतं, मोबाइलच्या फोटोत तारीख-वेळ असते ना तसंच, त्यात मशीन, प्रोटोकॉल (स्कॅन कुठल्या पद्धतीनं केला ते) आणि टॅग ०००८,००३२ (हेडरमधला एक ठरलेला रकाना) मधे त्या इमेजचं स्कॅनिंग कधी सुरू झालं ती वेळ. आता दिवसभराच्या इमेज वेळेनुसार लावा. समजा एका पेशंटची शेवटची सिरीज (एका दमात घेतलेल्या इमेजचा गट) १०:४२ ला सुरू झाली नि पुढच्याची पहिली इमेज ११:०७ ची. टॅगमधे सुरुवातीची वेळ असते, म्हणून ती शेवटची सिरीज चालली ती, समजा, ४ मिनिटं वजा करायची, उरली २१. तेवढा वेळ मशीन नुसतं बसून!

त्या २१ मिनिटांत काय होतं? गाऊन बदलणं, कॉन्ट्रास्टसाठी (इमेज स्पष्ट यावी म्हणून टोचायचं औषध) सुई लावायला शीर सापडत नाही, क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट घरी राहिलाय, आणि ताईत. आमच्यासमोरच एका आजोबांनी दंडातला तांब्याचा ताईत काढायला साफ नकार दिला, काढला तर स्कॅन वाईट येईल म्हणे. अहो, धातू आत नेला तर इमेज बिघडते, चटकाही बसू शकतो, ताईत स्कॅनला वाचवत नाही! हीच सगळी तयारी बाहेरच्या खोलीत, आधीचा पेशंट आत असतानाच उरकली तर २१ ची १२ होतात. दिवसाला १२ पेशंट धरले तर पावणेदोन तास मोकळे, म्हणजे त्याच मशीनवर दोन पेशंट जास्त.

पण मोकळा झालेला सगळा वेळ नव्या अपॉइंटमेंटनी भरायचा नाही. रांगेच्या गणितात (डॅनिश गणितज्ञ एरलांगने १९०९ मधे टेलिफोन कॉलसाठी मांडलेलं) मशीन किती टक्के बिझी याला ρ (रो) म्हणतात आणि सगळ्यात साध्या मॉडेलमधे सरासरी थांबणं ρ/(१-ρ) या पटीत वाढतं. ८० टक्क्यांना एका स्कॅनच्या ४ पट, ९० ला ९ पट, ९५ ला १९ पट! इमर्जन्सी मधेच घुसली की लाइन का फुगते ते इथे कळतं.

हल्ली लाइन कमी करायला जो तो एआय लावा म्हणतो. लावा की, पण आधी घड्याळं जुळवा. मशीनचं घड्याळ ५ मिनिटं पुढे आणि रजिस्ट्रेशनच्या कॉम्प्युटरचं मागे असेल तर डेटात पेशंट आत यायच्या आधीच स्कॅन झालेला दिसतो. नेटवर्कवरून सगळी घड्याळं एका सर्व्हरला जोडायचं काम आयटीवाला एका दुपारी करू शकतो.