ग्रेन आणि ग्रॅम: काट्यावरचा पंधरापट घोटाळा

गॅरेजमधल्या टेबलावर पहिल्यांदा काडतुसं भरायला बसलो त्या दिवशी मला वाटलं, काटाच बिघडलाय. १६८ ग्रेनची म्हणून विकत आणलेली गोळी पारड्यात ठेवली तर आकडा आला १०.८९. उचलली, परत ठेवली. पुन्हा १०.८९. बॅटरी बदलून झाली. ज्यांच्यामुळे हा छंद लागला ते शेजारचे आजोबा दारात उभे राहून बघत होते. काही न बोलता पुढे आले आणि काट्याचं एक बटण तीनदा दाबलं. १६८.१. काटा ठणठणीत होता, मीच ग्रॅममध्ये बसलो होतो; गोळी तोलतात ती ग्रेन नावाच्या जुन्या, ग्रॅमहून बारीक मापात.

आधी थोडं या टेबलाबद्दल. अमेरिकेत, मी राहतो त्या ओहायोत तर सर्रास, लोक नेमबाजीनंतर रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून घरी आणतात. त्या घासून लख्ख करायच्या, दाबून मूळ मापात आणायच्या, नवा प्राइमर (बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवायचा, पावडर म्हणजे बंदुकीची दारू मोजून घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. स्वतःपुरतं करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतो. भारतात मात्र याचं नावही काढू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली काडतूस बनवायलाच परवाना लागतो. पण ग्रेन आणि ग्रॅमचा घोळ काही बंदुकीपुरता नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, त्या कंपाउंड तिरंदाजीतही बाणाचं वजन ग्रेनमध्येच बोललं जातं.

दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचं नातंच नाही. ग्रेन म्हणजे लॅटिनमधला धान्याचा दाणा; इंग्लंडात त्याची गाठ जवाच्या दाण्याशी घातली होती. ग्रॅम ग्रीकमधून आला. तिथे मूळ शब्दाचा अर्थ अक्षर, मग एक बारीकसं वजन. १७९५ मध्ये फ्रान्सने तो उचलला आणि एक घन सेंटिमीटर थंडगार पाण्याच्या वजनाला ते नाव दिलं. एक शेतातून आला, दुसरा कागदावरून. ग्रेन आजही जिवंत आहे, पण दाण्यावर अवलंबून नाही. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारात पौंड नक्की झाला, पौंडाचे ७००० ग्रेन, म्हणून एक ग्रेन बरोबर ६४.७९८९१ मिलिग्रॅम. उलट बाजूने एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन.

खरी पंचाईत लिहिण्यात आहे. अमेरिकन डब्यांवर ग्रेनसाठी इंग्रजीत जी-आर छापतात आणि ग्रॅमसाठी नुसता जी. आपल्याकडे मात्र कित्येक दुकानदार ग्रॅमला जी-एम लिहितात, काही तर चक्क जी-आरच. (मंत्रालयात चकरा मारलेल्या माणसाला जीआर म्हटलं की तिसरंच काही आठवणार, ते सोडा.) औषधांच्या चिठ्ठीवर हे संक्षेप वापरू नयेत असं अमेरिकेत औषधवाल्यांना बजावलेलं असतं, ते याच कारणाने. ग्रेनची खूण औषधाच्या बाटलीवर अजून दिसते, फक्त वेषांतर करून. अमेरिकेत ॲस्पिरिनची गोळी ३२५ मिलिग्रॅमची का, ३०० ची का नाही? कारण ती पाच ग्रेनची आहे. आणि हृदयासाठी रोज घ्यायची ती ८१ ची गोळी म्हणजे सव्वा ग्रेन.

आता टेबलावर यातला कुठला घोटाळा धोक्याचा? नवशिक्याला वाटतं, पंधरापट चूक सगळ्यात भयंकर. माझं मत उलटं आहे. पाच ग्रेनऐवजी पाच ग्रॅम पावडर पिस्तुलाच्या पुंगळीत घालायला जा, मावणारच नाही. पुंगळी शिगोशीग भरून उरलेली पावडर टेबलावर सांडेल. मोठी चूक आपणहून ओरडते. धाकटी चूक गप्प बसते. युरोपातल्या काही पुस्तकांत वजनं ग्रॅममध्येही असतात आणि अमेरिकन माणूस ती मनातल्या मनात ग्रेनमध्ये वळवतो, किंवा उलट. तेव्हा १५.४३ चे सोयीसाठी १५ होतात. केवळ हिशेबासाठी ४५ ग्रेन धरू. १५ ने भागलं तर ३ ग्रॅम, किती सुटसुटीत! पण ३ ग्रॅम म्हणजे ४६.३ ग्रेन. सव्वा ग्रेनहून जास्त पावडर चढली, आणि ती पुंगळीत निमूट मावते. पावडर तीन टक्के वाढली म्हणून बंदुकीतला दाब तीनच टक्के वाढतो असं नाही, तो त्याहून जास्त चढतो. पुस्तकातला कमाल आकडा आधीच गाठलेला असेल तर हे तीन टक्के बंदूक आणि बोटं दोन्हींच्या मुळावर येऊ शकतात. म्हणून आमच्याकडे शिस्त अशी: वजन ज्या मापात छापलंय त्याच मापात मोजायचं. डोक्यात रूपांतर नाही.

काटा निवडतानाही हाच फरक आडवा येतो. बाजारात स्वस्तात मिळणारा खिशातला काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. दोन दशांश बघून माणूस भुलतो. पण ०.०१ ग्रॅम म्हणजे ०.१५ ग्रेन. बटण दाबून तोच काटा ग्रेनमध्ये आणला तर पडद्यावर आकडे बारीक दिसतात, पण आतला काटा उड्या मारतो त्या ०.१५ च्याच. इथे लागतो ०.१ ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. माझा तो पहिला काटा आता पोस्टाची पाकिटं तोलतो. त्याच्या जागी आजोबांचा जुना दांडीचा काटा आला: एका टोकाला पारडं, दांडीवर खाचा, खाचांत सरकणारं वजन, आणि टोकाशी चुंबकांच्या मधून जाणारी तांब्याची पट्टी, जिच्यामुळे दांडी फार वेळ झुलत बसत नाही. त्याला बटणच नाही, त्यामुळे माप बदलायचा प्रश्न नाही. पंखा मात्र बंद करावा लागतो. एसीची झुळूक लागली तरी दांडी डुलते. नंतर एक चांगला डिजिटल काटाही घेतला. तो सुरू केल्यावर आधी २० ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवतो. ३०८.६ दिसलं तर काटा ग्रेनमध्ये आहे आणि शहाण्यासारखा वागतोय. एका दगडात दोन पक्षी.

घरच्यांना एक वेगळाच गैरसमज असतो. खोक्यावर ११५ ग्रेन लिहिलेलं बघून मेव्हण्याने विचारलं, एवढी दारू भरतोस एकात? तो आकडा पावडरचा नसतोच, पुढच्या धातूच्या गोळीचा असतो. मराठीत आपण अख्ख्या काडतुसालाही गोळी म्हणतो आणि टोकाच्या तुकड्यालाही, तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. दुसऱ्या एका मित्राने तर ग्रेन म्हणजे पावडरचा दाणा समजून ४५ दाणे मोजायचे का, असं विचारलं होतं. हसलो खरा, पण शब्दाचा अर्थ बघितला तर तो चुकला कुठे? रायफलची काही पावडर काडीच्या बारीक तुकड्यांसारखी असते आणि तसे कित्येक तुकडे मिळून एक ग्रेन भरतो. पावडर पौंडाच्या डब्यात येते, त्यामुळे डबा किती पुरेल हा हिशेब ग्रेनमध्ये चटकन होतो: ७००० भागिले ४५, दीडशेच्या वर काडतुसं. ग्रॅमवर माझा जीव आहे, शाळेत तोच शिकलो, पण या टेबलावर ग्रेनच सोयीचा पडतो हे कबूल करायला हवं.

आणि मराठी माणसाला ग्रेन परका वाटायचं खरं तर कारण नाही. आपण त्याचेच हिशेब सोन्यात करत आलो. फक्त आपला दाणा जवाचा नव्हता, गुंजेचा होता: लाल, डोक्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. मासासुद्धा दाणाच, संस्कृतातला माष म्हणजे उडीद. दाणे लहानमोठे असतात, म्हणून सराफागणिक तोळा थोडा हलायचा. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तो १८० ट्रॉय ग्रेनला (सोन्याचांदीच्या मापातलं नाव, ग्रेन तोच) बांधून टाकला, आणि १८३५ चा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. म्हणजे तोळा ११.६६ ग्रॅमचा. मेट्रिक आल्यावर भाव दहा ग्रॅमचा निघू लागला आणि बोलताना त्यालाच तोळा म्हणायची सवय पडली. आता घराघरात दोन तोळे आहेत. आजीचा मोठा, सुनेचा लहान.

गेल्या दिवाळीत आई इकडे आली तेव्हा आजीच्या पाटल्या घेऊन आली. पाच तोळ्यांची जोडी, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. बायको म्हणाली, म्हणजे पन्नास ग्रॅम. आई म्हणाली, छे, जास्त आहेत. वाद मिटेना. माझा डिजिटल काटा १५०० ग्रेनपर्यंत जातो. टेबल पुसलं, प्रमाण वजन ठेवून खात्री केली आणि दोन्ही पाटल्या पारड्यात ठेवल्या. जुने पाच तोळे म्हणजे पाचा अठरा नव्वद, ९०० ग्रेन. काट्यावर आलं ८९४.२. जवळजवळ ५८ ग्रॅम. आई जिंकली. कमी पडलेले सहाएक ग्रेन म्हणजे तीन गुंजा, आजीच्या मनगटावर वर्षानुवर्षं झिजलेल्या.

पाटल्या डब्यात ठेवायच्या आधी बायकोने त्या साबण लावून दोनदा धुतल्या. तुझ्या त्या टेबलावर शिसं असतं, म्हणाली. काटाही पुसून ठेव.